पोरीला हवा पुरली का?

माझा नवरा लिनवुड आणि माझा सख्खा धाकटा भाऊ डेल्बर्ट एकाच बंदरात जन्मले, एकाच शाळेतून पळून आले आणि एकाच होडीवर शेवंडी पकडायला शिकले. लिनवुडला पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला घेऊन आला तोही डेल्बर्टच. आणि पुढे वीसेक वर्षं हे दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. खाडीच्या या काठाला आमचं घर, समोरच्या काठाला त्याचं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या धुराड्याचा धूर दिसायचा. रोज सकाळी तो धूर बघायचा आणि मगच कॉफी ठेवायची, अशी मला सवयच लागली होती.

भांडणाचं कारण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. समुद्राच्या कुठल्या तुकड्यात कुणी सापळे टाकायचे, हे आमच्याकडे कागदावर कुठेही नाही, पण शेंबड्या पोरालाही पाठ असतं. कुणी हद्द ओलांडली तर त्याच्या सापळ्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाच्या दांडीला त्याच्याच दोराच्या दोन गाठी मारून ठेवायच्या. म्हणजे, बाबा रे, आम्ही पाहिलंय, आता उचल. तरीही ऐकलं नाही, तरच दोर कापायचा. कापला की सापळा तळाला गेला, कायमचा.

एका वसंतात गल नावाच्या खडकाजवळचे लिनवुडचे सापळे कुणीतरी कापले. त्या सकाळी धुक्यात त्यानं डेल्बर्टची होडी तिथं पाहिली होती. त्यानं विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ गेला आणि डेल्बर्टच्या सापळ्यांचे दोर कापून आला. गाठी न मारता. सापळे गेले तर आमच्याकडचा माणूस शिव्या घालतो आणि नवे करायला घेतो. पण गाठ न मारता कापणं म्हणजे समोरच्याला माणसातच न धरणं. डेल्बर्ट धक्क्यावर आला, लिनवुडकडे त्यानं नुसतं पाहिलं आणि घरी गेला. झालं भांडण. एक शब्द नाही. चांगले दोन-चार सणसणीत शब्द झाले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी भाजलेला टर्की अर्धा आमच्या टेबलावर जायचा आणि अर्धा डब्यात घालून खाडीपलीकडे. डबा भरताना लिनवुड मुद्दाम पाठ फिरवून उभा राहायचा. एकदा मी म्हटलं, "तंगडी कुणाला देऊ? तुला की त्याला?" तर म्हणाला, "त्यालाच दे. माझे दात दुखतात." दात कसले दुखतात! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. माझी एकच इच्छा होती, एकदा तरी तो पक्षी अख्खा एका टेबलावर कापायचा.

मग लिनवुडचे डोळे गेले. पूर्ण नाही, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर उभ्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. होडी जावयाला दिली आणि हा घरात बसला. घरात बसलेला दर्यावर्दी म्हणजे काय हे ज्या बाईनं भोगलंय तिलाच कळेल. तो दिवसभर रेडिओला कान लावून असायचा. इथं प्रत्येक स्वयंपाकघरात, गाडीतसुद्धा, होडीवरचाच रेडिओ असतो, बंदराच्या एका चॅनलवर लावलेला. कोण कुठे आहे, कुणाचं इंजिन बसलं, सगळं कळतं.

ख्रिसमसला आमची नात पायपर आली आणि जाताना शाळेतलं एक पुस्तक ठेवून गेली. "आजी, आजोबांना हे वाचून दाखव. मी दोनदा वाचलंय. पण शेवट आधी बघायचा नाही हं, शपथ आहे."

लिनवुडनं कव्हर डोळ्यांच्या कोपऱ्यातून न्याहाळलं. "चंद्र? अंतराळयानं? हे पोराटोरांचं पुस्तक मला वाचून दाखवणार? उद्या गळ्यात लाळेरं बांधशील."

"बांधेन. पण तोंडावर."

दुपारी बर्फ पडत होतं, करायला दुसरं काही नव्हतं. मी चष्मा लावला आणि सुरू केलं.

गोष्ट अशी होती. दोन चंद्र, दोघांवर माणसं, आणि पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. बर्फाच्या चंद्रावरची ओना नावाची सोळा वर्षांची पोर आणि धुळीच्या चंद्रावरचा टॉक नावाचा तेवढाच पोरगा, दोघं लढाईत एकमेकांची यानं पाडतात आणि एका ओसाड अंतराळतळावर अडकतात. यंत्र एकच, हवा थोडी. एकानं दुसऱ्याला मारलं तर हवा दुप्पट दिवस पुरेल, पण तळ दुरुस्त करायला चार हात लागणार. पहिल्या प्रकरणात तो तिच्या अंगावर पाना घेऊन धावतो. पाचव्यात ती त्याची जखम शिवते आणि शिवताना त्याला शिव्या घालते.

लिनवुड पहिले दोन दिवस नाकं मुरडत होता. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्याझाल्या टेबल पुसायला लागला. टेबल मोकळं हवं म्हणून काकवीच्या बिस्किटांचा जड पत्र्याचा डबा मी पहिल्या दिवसापासूनच उचलून रेडिओच्या फळीवर ठेवायची. वाचून झालं की डबा खाली, मग बिस्किटं आणि कॉफी, मग लिनवुडची टीका.

वाचताना मध्येमध्येही बोलायचाच. टॉकनं ओनाला कड्यावरून उतरवताना कमरेला दोर बांधला, त्या गाठीचं वर्णन आलं तर हा टेबलावर हात आपटून म्हणाला, "ही गाठ? पहिल्या झटक्याला सुटेल! पोरगी मेलीच समज. लिहिणारा कधी होडीत बसलाय का?"

"हे अंतराळ आहे, लिनवुड."

"दोर तो दोरच."

एकदा दुकानात दूध आणायला गेले. दुकान लॉटीचं. तिला बंदरातलं सगळं कळतं, आणि तिला कळलं की सगळ्यांना कळतं. पैसे घेताना म्हणाली, "थेडा, काल तू ऐन मोक्याला थांबलीस ते काही बरं केलं नाहीस. आमचे हे रात्रभर कूस बदलत होते."

"कुठं थांबले?"

"अगं, त्या दाराचं कुलूप उघडतं की नाही ते सांगायचं सोडून बिस्किटं खायला बसलीस!"

हे तुला कसं कळलं, मी विचारलं. तिनं हसतहसत उलगडा केला. रेडिओच्या माइकचा हूक कधीचा तुटलेला, म्हणून माइक फळीवरच पडलेला असायचा. आणि मी ठेवत असलेला डबा नेमका त्याच्या बोलायच्या बटणावर बसायचा. माझं वाचन आणि लिनवुडची बडबड रोज दुपारी बंदरभर जात होती. बटण दाबलेलं असलं की आपल्याला पलीकडचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. शेडमध्ये बोये रंगवणारे, सापळ्यांच्या जाळ्या विणणारे, सगळे हातातलं काम थांबवून ऐकत होते.

"आणि सांगू?" लॉटी काउंटरवरून वाकली. "डेल्बर्ट परवा आला होता, नाकात नळी, गळ्यात ते छोटं सिलिंडर. म्हणाला, लिनवुड बरोबर बोलला, ती गाठ सुटणारच. वर म्हणाला, वीस वर्षांत पहिल्यांदा गाढव शहाण्यासारखं बोललं."

मी दूध तिथंच विसरून गाडीत येऊन बसले आणि रडले. डेल्बर्टची फुप्फुसं निकामी होत आली होती. घरात ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घरघरत असायचं आणि त्याची लांब नळी मागं ओढत तो या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्या घरात रोज दुपारी माझा आवाज जात होता, आणि लिनवुडचाही.

घरी येऊन मी लिनवुडला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा फळीवर ठेवला तो नीट बघून, बरोब्बर बटणावर. बंदरानंही अळीमिळी गुपचिळी धरली. वाचन संपून मी डबा उचलला की चॅनलवर कुणी चकार शब्द काढायचं नाही, असं न ठरवता ठरलं. मला वाटलं, होऊ दे. पुस्तक संपेपर्यंत दोघं एकाच गोष्टीत बसून राहिले, तर शेवटी एकाच टेबलावरही बसतील.

शेवटून दुसरं प्रकरण आलं. ओना बाहेरची झडप बंद करायला तळाबाहेर गेली आहे, पोशाख फाटलाय, हवेचा काटा तांबड्यात उतरलाय. आत टॉककडं एकट्यापुरतीच हवा आहे. तो स्वतःची हवेची नळी हातात धरून दाराशी उभा राहतो. तिथं प्रकरण संपलं.

मी डबा खाली घेतला, झाकण उघडलं. तेवढ्यात रेडिओ खरखरला. आधी खोकला आला, बराच वेळ. मग डेल्बर्टचा आवाज.

"लिनवुड... पोरीला हवा पुरली का?"

माझ्या हातात झाकण तसंच राहिलं. त्यानं मला विचारलं नव्हतं. पुस्तक माझ्याकडे, वाचत होते मी, आणि त्यानं नाव घेतलं लिनवुडचं. वीस वर्षांनी. लिनवुडचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याचा हात उठला, फळीपर्यंत गेला, चाचपडत माइकपर्यंत पोचला. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, काहीही बोल, शिवी दे हवी तर.

त्याचा हात माइकवरून पुढे सरकला आणि त्यानं रेडिओ बंद केला.

"किती दिवस चाललंय हे?" तो म्हणाला.

"पहिल्या प्रकरणापासून. आधी मलाही माहीत नव्हतं."

"म्हणजे सगळं बंदर माझ्या स्वयंपाकघरात बसलं होतं. आणि तो. तोही बसला होता!"

"बसला होता तर काय तुझी बिस्किटं खाल्ली त्यानं? एक प्रश्न विचारला माणसानं!"

"पुस्तक ठेव. पुन्हा वाचायचं नाही."

"अरे, त्याला श्वास पुरत नाही, लिनवुड. म्हणून विचारलं त्यानं. कळतंय का तुला?"

तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. मी कितीतरी बोलले त्या दाराशी. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घातलं आणि खाडीला वळसा घालून डेल्बर्टकडे गेले. तो खिडकीशी आरामखुर्चीत होता, रेडिओ कोपराशी, मांडीवर घोंगडी. ओठ निळसर झाले होते. मी चष्मा लावला, पुस्तक उघडलं.

"नको," तो म्हणाला.

"नको म्हणजे? एकच तर प्रकरण राहिलंय."

"त्यानं ऐकलं का?"

"त्यानं रेडिओ बंद करून ठेवलाय. आडमुठा आहे, तुला माहितीये."

"मग नको." तो थांबत थांबत बोलत होता. "पहिल्या पानापासून बरोबर ऐकतोय आम्ही. तो शिव्या घालायचा, मी इकडे हसायचो. आता त्याला मागं टाकून मी एकटाच पुढं जाऊ? तो जिथं थांबलाय तिथंच मी थांबतो."

"अरे, तुझी ही अवस्था आणि तुला नखरे सुचतायत?"

"थेडा," तो हसला आणि हसता हसता खोकला, "मला एवढंच म्हण, की शेवट चांगला आहे."

"मी बघितला नाहीये. पायपरची शपथ आहे."

"मग झालं तर. त्याला सांग, मी थांबलोय."

मी तसंच सांगितलं. लिनवुड बूट घालत होता, मान वर न करता म्हणाला, "थांबू दे." पण त्या दिवसापासून तो सकाळी माझ्या मागं येऊन खिडकीशी उभा राहायला लागला. समोरचा काठ त्याला दिसणं शक्य नव्हतं.

"धूर आहे का?" त्यानं पहिल्या सकाळी विचारलं.

"आहे."

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्याही. कॉफी घेऊन तो रेडिओसमोर बसायचा, बंद रेडिओसमोर, आणि बोटांनी टेबल वाजवायचा. मी मूग गिळून बसले. या माणसाला ढकललं की तो उलटा जातो, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. आता वाटतं, ढकलायला हवं होतं.

एका सकाळी बर्फाचा असा मारा होता की आमचं स्वतःचं कुंपण दिसेना.

"धूर आहे का?"

"काही दिसत नाही. बर्फ आहे."

तो खिडकीपासून वळला. मग म्हणाला, "पुस्तक काढ."

"आत्ता? दुपारी वाचू की."

"आत्ता." आणि त्यानं स्वतः रेडिओ लावला, चाचपडत माइक शोधला, डबा उचलून त्यावर ठेवला, आणि नीट बसलाय की नाही ते दाबून पाहिलं.

मी वाचलं. मला कोण आनंद झाला होता. टॉक नळी घेऊन बाहेर जातो. एक नळी, दोन माणसं. तो एक श्वास घेतो आणि नळी तिला देतो, ती एक घेते आणि त्याला देते. असं करत करत दोघं दारापर्यंत सरपटत येतात. तिच्या चंद्राची यानं आलेली असतात आणि त्याच्याही चंद्राची, तोफा रोखून. आणि दोघं दारात एकमेकांत असे अडकून पडलेले दिसतात की मारायचं कुणाला हे कुणालाच कळत नाही. शेवटच्या पानावर ओना त्याला विचारते, तू मला हवा का दिलीस? तो म्हणतो, तू मागितली नाहीस म्हणून.

लिनवुडनं नाक पुसलं. "बरं लिहिलंय," म्हणाला. मग डबा खाली घेतला, माइक हातात धरला, घसा खाकरला. "डेल्बर्ट. ऐकलंस का रे? पुरली हवा."

त्यानं बटण सोडलं. रेडिओवर नुसती सळसळ. कुणीच काही बोललं नाही. डेल्बर्ट नाही आणि दुसरंही कुणी नाही.

"रुसलाय," लिनवुड म्हणाला. "घेऊ दे वेळ. मीही घेतलाच की." आणि त्यानं डब्यातून दोन बिस्किटं काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आवडीनं खात होता. मी मनातल्या मनात ईस्टरचा बेत करत होते, हॅम केवढा आणायचा, तिसरी खुर्ची कुठली काढायची.

दारावर थाप पडली तेव्हा लॉटीच्या टोपीवर बर्फाचा थर होता. तिनं टोपी काढली आणि हातातच धरून उभी राहिली. "थेडा, तू बस आधी," ती म्हणाली.

डेल्बर्ट पहाटेच गेला होता. रोज सकाळी येणाऱ्या नर्सला तो खुर्चीतच सापडला. लॉटी आम्हाला सांगायला निघाली होती, तेवढ्यात गाडीतल्या रेडिओवर माझा आवाज सुरू झाला आणि ती रस्त्याच्या कडेला थांबून राहिली. तोवर बंदरात सगळ्यांना कळलं होतं. आम्ही वाचत होतो तोवर मध्ये बोलायची सोय नव्हती, आणि वाचून झाल्यावर कुणाची जीभ उचलली नाही.

लिनवुडच्या हातात अर्धं बिस्किट होतं. तो म्हणाला, "काल का नाही वाचलं आपण?" कुणाला विचारत होता कोण जाणे. मी त्याच्यावर ओरडले नाही. फार दिवस ओरडायचं साठवलं होतं, पण त्याच्याकडे बघून ते सगळं आतच मेलं.

दफन झाल्यावर काही दिवसांनी मी डेल्बर्टचं घर आवरायला गेले. लिनवुडला चल म्हटलं, तो नको म्हणाला. ऑक्सिजनचं यंत्र कंपनीचे लोक घेऊन गेले होते. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. रेडिओ मात्र अजून चालू होता, आमच्याच चॅनलवर, आवाज पूर्ण वर केलेला. कुणाला बंद करावासा वाटला नसणार. मी कपबश्या गुंडाळत होते आणि रेडिओ खरखरला.

"डेल्बर्ट," लिनवुडचा आवाज आला.

मी कप खाली ठेवला. तो आमच्या स्वयंपाकघरात एकटा बसला होता. बंदर ऐकतंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तरी तो बोलत होता.

"डेल्बर्ट, ते सापळे तू कापले होतेस की नाही, मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. निदान गाठ तरी मारायला हवी होती. दोन गाठी, लागतो किती वेळ." बटण दाबलेलंच होतं, त्याचा श्वास ऐकू येत होता. "आणि त्या दिवशी तू विचारलंस, तेव्हा मला काय माहीत होतं? पुढचं प्रकरण मी तरी कुठं ऐकलं होतं? एवढंच म्हणायचं होतं मला, की माहीत नाही रे, उद्या ऐकू. एवढंच."

मग पुन्हा म्हणाला, पण या वेळी वेगळ्या आवाजात, लग्नाआधी आमच्या अंगणात उभा राहून डेल्बर्टला हाक मारायचा त्या आवाजात.

"माहीत नाही रे. उद्या ऐकू."

आणि त्यानं बटण सोडलं, पलीकडून काही येतंय का ते ऐकायला. मी डेल्बर्टच्या खुर्चीत बसले होते, त्याचा माइक माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही. खिडकीतून आमच्या धुराड्याचा धूर दिसत होता.